भयपटाला किती तारे, ट्रू क्राइमला किती?

देवगडहून एका ताईंनी विचारलं आहे: "आम्ही शेजारपाजारचे आठ-दहा जण शनिवारी रात्री एकाच्या माडीवर जमतो. एका शनिवारी भयपट, पुढच्या शनिवारी खऱ्या गुन्ह्यावरची डॉक्युमेंटरी. बघून झालं की वहीत प्रत्येकाने पाचपैकी तारे लिहायचे. 'तुंबाड'ला माझे पाच, आमच्या दादांचे दोन. वर म्हणतात, 'ह्येका काय भुताचो पिक्चर म्हणतत?' 'मुंज्या'वरून कोकणची बदनामी की करमणूक, हा वाद अजून मिटलेला नाही. दिल्लीच्या बुराडी प्रकरणावरच्या डॉक्युमेंटरीला तर एका मैत्रिणीने तारे द्यायलाच नकार दिला. माणसं मेली, त्याला तारे कसले, म्हणाली. तुम्ही या धंद्यातले आहात. तारे द्यायचे तरी कसे?"

ताई, मी साउंड एडिटर आहे. मुंबईच्या स्टुडिओंत बरीच वर्षं भयपटांचे आणि डॉक्युमेंटरींचे आवाज लावले, आता वेंगुर्ल्याच्या घरातून तेच काम करतो. त्यामुळे मी जे सांगणार ते कानाच्या बाजूने सांगणार. दोन्ही कामांत माझ्यापुढचं सामान एकच असतं: खर्जातला लांबवलेला सूर, मध्येच काढून घेतलेला आवाज, श्वास, दाराची करकर, वाक्याआधीचा थांबा. भयपटात त्या सामानाने मी तुम्हाला घाबरवतो, आणि तुम्ही घाबरायलाच आलेले असता. डॉक्युमेंटरीत तोच खर्ज एखाद्या जिवंत माणसाच्या बोलण्याखाली सरकवला की ऐकणाऱ्याच्या मनात त्या माणसाबद्दल संशय तयार होतो, आणि त्या संशयाला पुरावा लागत नाही. म्हणून या दोघांना तुम्ही एकाच रकान्यात तारे देता, तिथेच तुमचा निम्मा वाद आहे.

आधी 'तुंबाड'. तुमचे दादा दचकण्याची वाट बघत होते, असं मला वाटतं. दचकणं ही शरीराची आपोआप होणारी हालचाल आहे. शांततेत अचानक मोठा आवाज झाला की माणूस दचकणारच. पडद्यावर भूत असो की मांजर. १९४२ सालच्या 'कॅट पीपल'मध्ये रात्रीच्या रस्त्यावरून एक बाई एकटी चाललेली असते, मागे कुणीतरी आहे असं वाटत राहतं, आणि अचानक फिसकारल्यासारखा आवाज होतो. ती बस असते, थांब्यावर आलेली. ऐंशी वर्षांहून जास्त काळ आमच्या धंद्यातले लोक तीच युक्ती वापरत आले आहेत. ती चांगली वापरली तर मजा येते, पण ती करायला फार अक्कल लागत नाही. शांत ट्रॅकवर एक मोठा ठोका टाकला की काम झालं. चित्रपटाने तुम्हाला सात वेळा दचकवलं म्हणून सात गुण देऊ नका.

धास्ती वेगळी. ती बसवायला वेळ लागतो. आपल्याकडची पावसाळ्यातली रात्र आठवा. ती शांत कधीच नसते. बेडूक, रातकिडे, पागोळ्या, झावळ्यांची सळसळ, लांबून समुद्राचा घोष. या सगळ्याला आम्ही ॲम्बियन्स म्हणतो, आणि तो एका थरात येत नाही. प्रत्येक आवाजाचा थर वेगळा लावलेला असतो. भीती उभी करायची असते तेव्हा मी थर वाढवत नाही, काढतो. आधी लांबचा समुद्र जातो. कुणाच्या लक्षात येत नाही. मग झावळ्या थांबतात. बेडूक एका बाजूचे कमी होतात. शेवटी रातकिडे एकदम बंद. बघणाऱ्याला काय गेलं ते सांगता येत नाही, पण मान ताठ होते. गावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. रातकिडे अचानक थांबले की काळोखात काहीतरी हललं आहे, हे त्याच्या कानाला माहीत असतं. शहरातल्या प्रेक्षकापेक्षा कोकणातला प्रेक्षक याबाबतीत जास्त चांगला परीक्षक आहे, हे मी मनापासून सांगतो. तुम्ही मंडळी समीक्षकांचे तारे बघून आपल्या कानावर अविश्वास दाखवू नका.

'तुंबाड' अनेक पावसाळ्यांत, खऱ्या पावसात चित्रित झाला. गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातलं, पण वाडा सासवडचा आणि बराचसा पाऊस घाटावरचा. पाऊस त्या चित्रपटात सजावट नाही, तो एक पात्र आहे. विनायकाच्या अंगावर, वाड्याच्या भिंतींवर, सगळीकडे ओल. पुढच्या वेळी बघाल तेव्हा तो विहिरीतून खाली उतरतो तिथे पावसाचं काय होतं, एवढ्याकडेच कान द्या. आणि भीती तिथल्या राक्षसाची फारशी नाहीच, ती माणसाच्या हव्यासाची आहे. दादांना 'भुताचा पिक्चर' हवा होता, आणि हा भुताचा नाही, हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. दोन तारे मात्र मला पटत नाहीत.

पण दादांच्या बाजूने एक शंका मला आहे, आणि ती गंभीर आहे. तुम्ही 'तुंबाड' कधी बघितला? माडीवर म्हणजे वर पत्रे किंवा कौलं असणार. जून-जुलैत बघितला असेल, तर दादांनी अर्धा चित्रपट ऐकलेलाच नाही. भयपट पावसात लावायची हौस सगळ्यांना असते, आणि भयपटाला त्याहून वाईट जागा नाही. कारण सांगतो. नेटफ्लिक्सला चित्रपट देताना संवादांची सरासरी पातळी उणे २७ एलकेएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) ठेवावी लागते आणि सगळ्यात मोठा आवाज उणे २ डेसिबलच्या वर जाऊन चालत नाही. म्हणजे बोलणं आणि सर्वांत मोठा ठोका यांच्यात साधारण २५ डेसिबलचं अंतर राहू शकतं. बोलण्याच्या खाली आणखी बारीक थर असतात: श्वास, कापडाची सळसळ, खोलीची स्वतःची गुणगुण. पत्र्यावरचा पाऊस बोलण्यालाही दाबतो, मग त्या थरांचं काय होत असेल? तुम्ही रिमोटने आवाज वाढवता, पुढचा ठोका कानठळ्या बसवतो, कुणीतरी वैतागून पुन्हा कमी करतं. धास्ती गेली, नुसतं दचकणं उरलं. चित्रपट फुसका वाटणारच.

त्यात टीव्हीचे स्पीकर. आजच्या पातळ टीव्हीत ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, आणि खर्ज त्यांना जवळपास काढताच येत नाही. ज्या सुरावर आम्ही दोन-दोन दिवस घालवतो, तो तुमच्या माडीवर पोचतच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'नाइट मोड' किंवा आवाज एकसारखा ठेवण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. ती बारीक आवाज वर आणि मोठे आवाज खाली आणून सगळं सपाट करते. एखादा साधा साउंडबार वायरने जोडा, पंखा हळू करा, आणि भयपट दिवाळीनंतरच्या कोरड्या रात्रींसाठी राखून ठेवा. थेटरात बघता आला तर त्याला तोड नाही. 'तुंबाड' २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही, आणि १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा थेटरांत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यात चर्चेचा वाटा होताच. पण लॅपटॉपवर बघितलेला चित्रपट मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात पुन्हा अनुभवायला गेलेलेही त्यात पुष्कळ होते.

ताऱ्यांबद्दल म्हणाल तर बाहेरच्या आकड्यांवर फार विसंबू नका. 'हेरेडिटरी' नावाचा अमेरिकी भयपट २०१८ मध्ये आला. समीक्षकांनी उचलून धरला, आणि पहिल्याच रात्री थेटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत त्याला 'डी प्लस' हा अगदी खालचा शेरा दिला. जाहिरातीने एक कबूल केलं होतं, चित्रपटाने दुसरंच दिलं. लोकांचा राग त्याच्यावर होता. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर ९० टक्के दिसलं तर त्याचा अर्थ दहापैकी नऊ गुण असा नाही. शंभरातल्या नव्वद समीक्षकांनी 'बरा आहे' किंवा त्याहून चांगलं म्हटलं, एवढाच. सगळ्यांना बरा वाटलेला आणि कुणालाच फार न आवडलेला चित्रपटही तिथे ९० वर बसू शकतो. भयपटात तर मला उलटं आवडतं: निम्म्यांनी पाच आणि निम्म्यांनी एक दिला असेल, तो मी आधी बघतो.

तुमच्या वहीसाठी एवढंच सुचवतो. बोलायला सुरुवात करण्याआधी तारे लिहा, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचे तारे सगळ्यांच्या वहीत उतरतात. आणि एक रिकामा रकाना दुसऱ्या दिवशीसाठी ठेवा. भयपटाची खरी परीक्षा त्याच्या दुसऱ्या रात्री होते, परसदारी जाताना दिवा आधी लावावासा वाटला का, यावर. दचकण्याची आठवण सकाळपर्यंत पुसली जाते.

'मुंज्या'बद्दल थोडक्यात. २०२४ चा हा चित्रपट आदित्य सरपोतदारांचा, आणि तो घाबरवण्यापेक्षा हसवायला जास्त निघाला आहे. मुंजीनंतर आणि सोडमुंजीआधी गेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत कुणी मुंबईत बसून बनवलेली नाही, आपल्या आज्यांनीच सांगितलेली आहे. त्यात बदनामी मला दिसत नाही. चित्रपट भुताची गोष्ट सांगतो म्हणून गाव अडाणी ठरत नाही. हीच ओरड २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हाही झाली, आणि मग सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर बघायला लोक गाड्या करून आले. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे राखणदार आहे, देवचार आहे, आरवलीचा वेतोबा आहे, ज्याला लोक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. हा अंधार आपल्या बाजूचा आहे. त्याच्याशी गाऱ्हाणं घालून बोलता येतं. बहुतेक चित्रपट येऊन मुंजा, हडळ, खवीस सगळ्यांना एकाच पोत्यात घालतात आणि फक्त घाबरवायला बाहेर काढतात. राखणदारावर कुणी शांतपणे, श्रद्धेची बूज राखून चित्रपट केला तर त्याचे आवाज मी पैसे न घेता लावीन.

आता तुमच्या मैत्रिणीकडे येतो. ती बरोबर आहे. बुराडीत १ जुलै २०१८ ला एका कुटुंबातली ११ माणसं मृत सापडली. २०२१ ची तीन भागांची डॉक्युमेंटरी मला चांगली वाटते, आणि त्याचं कारण हेच की तिने भयपट व्हायचं टाळलं. त्या घराच्या भिंतीतून बाहेर आलेले अकरा पाइप दाखवून वृत्तवाहिन्यांनी काय काय कथा रचल्या, हे ती दाखवते, आणि मग मानसोपचाराच्या जाणकारांना, नातेवाईकांना, शेजाऱ्यांना बोलू देते. पण 'आवडली' आणि 'पाच तारे' हे शब्द तिच्यापुढे लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळलाच पाहिजे. तरी डॉक्युमेंटरीची पारख करूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. उलट ती भयपटापेक्षा जास्त कडक करायला हवी. तारे बाजूला ठेवा आणि जोड शोधा.

जोड म्हणजे काय, ते एका प्रसिद्ध उदाहरणाने सांगतो. 'द जिंक्स' ही सहा भागांची अमेरिकी मालिका २०१५ मध्ये आली, रॉबर्ट डर्स्ट नावाच्या श्रीमंत माणसावर. शेवटच्या भागात मुलाखत संपते, तो बाथरूममध्ये जातो, कॉलर माइक चालूच राहिलेला असतो, आणि तो स्वतःशी पुटपुटतो: मी केलं तरी काय? सगळ्यांना मारलं, आणखी काय. पडदा काळा होतो. जगभरचे प्रेक्षक हादरले. हा भाग दिसण्याच्या आदल्याच दिवशी त्याला अटक झाली होती. मग २०१९ मध्ये कोर्टाच्या कागदपत्रांत त्या ध्वनिमुद्रणाचा पूर्ण मजकूर आला. ती दोन वाक्यं एकामागोमाग नव्हतीच. 'मारलं' हे आधी होतं, 'मी केलं तरी काय' नंतर, आणि मध्ये बरीच इतर वाक्यं, काही अस्पष्ट. एडिटरने दोन टोकं उचलून उलट्या क्रमाने जोडली, आणि पुटपुटण्याचा कबुलीजबाब झाला. डर्स्टला २०२१ मध्ये खुनासाठी दोषी ठरवण्यात आलं, म्हणजे माणूस निरपराध होता असं नाही. पण प्रश्न आणि उत्तर अशी जी रचना आपण ऐकली, ती त्या खोलीत घडली नव्हती. ती एडिटिंग टेबलावर घडली होती. मी याच टेबलावर बसतो, म्हणून सांगतो: असा जोड कानाला कळत नाही. मध्ये खोलीची गुणगुण भरली की शिवण दिसतच नाही.

मग घरी बसून ओळखायचं कसं? पूर्ण ओळखता येत नाही, पण सावध राहता येतं. माणूस बोलत असताना चित्र त्याच्या तोंडावरून हटून फोटोच्या अल्बमवर, कोर्टाच्या इमारतीवर, लाटांवर गेलं, तर आवाजात जोड असण्याची शक्यता आहे. दर वेळी असतोच असं नाही. पण असतो तेव्हा तो बहुधा तिथेच असतो, कारण तोंड दिसत असताना वाक्य जोडलं तर ओठ चुगली करतात. दुसरं, कुणाच्या बोलण्याखाली कुठलं संगीत आहे ते बघा. आईच्या बोलण्याखाली पियानो आणि जावयाच्या बोलण्याखाली खर्ज असेल, तर जावयाने तोंड उघडण्याआधीच निकाल लागलेला आहे.

तिसरा प्रयोग तुमच्या माडीवर करायला फार छान आहे. डॉक्युमेंटरीत फोनचं किंवा छुप्या माइकचं अस्पष्ट ध्वनिमुद्रण येतं आणि खाली अक्षरं येतात. टीव्हीच्या खालच्या भागावर टॉवेल टाका. तेवढा तुकडा ऐका आणि प्रत्येकाने काय ऐकू आलं ते लिहा. मग टॉवेल काढून पुन्हा ऐका. अक्षरं वाचल्यावर तेच शब्द स्पष्ट ऐकू यायला लागतील, आणि मग ते न ऐकणं तुम्हाला जमणारच नाही. कानाचा हा स्वभाव आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण 'मी स्वतःच्या कानांनी ऐकलं' असं म्हणण्याआधी हा प्रयोग एकदा करायला हवा.

प्रसंग पुन्हा उभे करून दाखवणं मला गैर वाटत नाही, ते कसं दाखवलं यावर सगळं आहे. १९८८ ची 'द थिन ब्लू लाइन' बघा. डॅलसमध्ये १९७६ साली एका पोलिसाचा खून झाला आणि रँडल ॲडम्सला शिक्षा झाली. दिग्दर्शक एरॉल मॉरिस तो गोळीबार पुन्हा पुन्हा उभा करतात, पण दर वेळी एका वेगळ्या साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे. त्यातून दिसतं ते हे, की या साक्षी एकमेकींत बसत नाहीत. 'असं घडलं' असं ते एकदाही ठासून दाखवत नाहीत. चित्रपट आल्यानंतर पुढच्याच वर्षी ॲडम्स सुटले. ज्या डॉक्युमेंटरीत धूसर उजेडात एक नट चाकू घेऊन चालतो, आणि तसं कोण म्हणालं हे कुणी सांगत नाही, तिथे मी वही मिटतो.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट तुमच्या मंडळींना माहीत असावी. भारतात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. आता आठवून बघा, किती डॉक्युमेंटरींचा कळस असा असतो: निवृत्त अधिकारी खुर्चीत बसून सांगतो, 'मग त्याने माझ्यासमोर सगळं कबूल केलं.' खाली संगीत चढतं. कोर्ट जे ऐकून घेत नाही, तेच आपल्याला सगळ्यात भारी वाटतं. तुमच्या वादात 'तोच खुनी' असं कुणी ठणकावलं की विचारा, हे कोर्टात सिद्ध झालं आहे, की अधिकाऱ्याने सांगितलं आहे, की संगीताने?

खटला चालू असेल तर आणखी जपायला हवं. शीना बोरा प्रकरण आपल्यापासून लांब नाही; मृतदेहाचे अवशेष २०१२ मध्ये रायगडमधल्या पेण तालुक्यात सापडले होते. त्यावरची नेटफ्लिक्सची मालिका फेब्रुवारी २०२४ मध्ये यायची होती, तेव्हा खटला सुरू असल्याने सीबीआयने ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्तींनी ती आधी स्वतः बघितली, थांबवायला नकार दिला, आणि ती महिनाअखेरीस आली. दाखवायला परवानगी मिळाली याचा अर्थ तिच्यातलं सगळं खरं ठरलं, असा होत नाही. अशा मालिकेवर बोलताना तुमची मंडळी आरोपीवर मतदान घेत असतील, तर ते थांबवा. मत मालिकेवर द्या.

वहीत डॉक्युमेंटरीपुढे तारे लिहायची जागा मी कोरी ठेवीन आणि तिथे लिहीन: गेलेल्या माणसाबद्दल मला काय कळलं? फक्त मरण कळलं, की तो माणूस कोण होता, काय काम करायचा, कुणाला हवा होता, हेही कळलं? घरच्यांनी कॅमेऱ्यासमोर यायला नकार दिला असेल तर तसं सांगितलं का? आरोपीची बाजू कुणी मांडली, आणि ती मांडताना खाली काय वाजत होतं? या प्रश्नांची उत्तरं लिहायला अर्धं पान लागतं. तुमची मैत्रीण तारे द्यायला तयार नव्हती, पण हे लिहायला ती तयार होईल असं मला वाटतं.

पावसाळा अजून संपलेला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी भयपट नकोच. बुराडीचा एक भाग पुन्हा लावा, टॉवेल जवळ ठेवा, आणि प्रत्येक माणूस बोलायला लागला की खालचं संगीत कुठलं आहे ते एकाला लिहून घ्यायला सांगा. हे काम दादांना द्या.